लोखंड, जस्त, अ‍ॅल्युमिनियम: जर्मन शहरांची युद्धकालीन नाणी ओळखायची आणि सांभाळायची कशी

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनी पहिल्या महायुद्धात उतरला आणि तिथे चांदीची नाणी व्यवहारातून दिसेनाशी झाली. लोकांनी ती घरात दाबून ठेवली. तांबं आणि निकेल दारूगोळ्यासाठी हवं होतं, म्हणून सरकारनं ५ फेनिगचं (१०० फेनिग म्हणजे एक मार्क) नाणं १९१५ पासून आणि १० फेनिगचं १९१६ पासून लोखंडात पाडायला घेतलं. १९१६ मध्येच १ फेनिग अ‍ॅल्युमिनियमचा झाला, १९१७ मध्ये जस्ताचा १० फेनिग आला. तरी सुटे पैसे पुरेनात. ट्रामच्या कंडक्टरकडे मोड नाही, दुकानदाराकडे मोड नाही, अशी स्थिती आल्यावर शहरांनी, जिल्ह्यांनी आणि लहानसहान गावांनीही स्वतःची चिल्लर काढली. हेच नोटगेल्ड, म्हणजे अडचणीच्या वेळचा पैसा. नोटगेल्डमध्ये कागदी नोटाही भरपूर आहेत, पण इथे फक्त नाण्यांबद्दल बोलू. यातली बहुतेक नाणी १९१७ ते १९२१ या काळातली आहेत.

हातात आलेलं नाणं कुठल्या गावाचं हे नंतर पाहा. आधी धातू पक्का करा. पाण्यात बुडवायचं की नाही, ब्रश लावायचा की नाही, कशात ठेवायचं, हे सगळं धातूवर ठरतं. शिवाय एकाच शहराचं एकाच किमतीचं नाणं दोन-दोन धातूंत निघालेलं असतं, त्यामुळे धातू चुकला की संग्राहक वापरतात त्या यादीतला क्रमांकही चुकतो.

साहित्य

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर (शक्यतो प्लॅस्टिकच्या जबड्यांचा, अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचे जबडे ओरखडे काढतात), १० पट भिंग, लहान टॉर्च, दोऱ्याला बांधलेलं बारीक चुंबक, नायट्राइलचे हातमोजे. साफसफाईसाठी शुद्ध अ‍ॅसिटोन, डिस्टिल्ड पाणी, लिक्विड पॅराफिन, बांबूच्या काड्या आणि मऊ केसांचा ब्रश. अ‍ॅसिटोन म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका. त्यात तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात आणि ते नाण्यावर राहतात. सुती हातमोजे दिसायला छान, पण त्यातून घाम झिरपतो आणि नाणं निसटतंही.

धातू ठरवणं

पहिली चाचणी चुंबकाची. चुंबक दोऱ्यानं लोंबकळत ठेवा आणि नाणं त्याच्या बाजूनं हळूच जवळ आणा. लोखंड असेल तर चुंबक ठामपणे वळून चिकटायला येतं. ताकदवान निओडिमियम चुंबक नाण्यावर थेट टेकवू नका; ते झेप घेऊन आदळतं आणि चरा पडतो. ओढ अगदी क्षीण वाटली तर बहुधा दुसऱ्या धातूवर निकेलचा पातळ मुलामा असतो.

चुंबकाला दाद न देणारी नाणी बहुतांशी जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. दोन्ही राखाडी, दोन्हींवर पांढुरका थर चढतो, आणि फोटोत तर फरक कळतच नाही. हातात घेतल्यावर मात्र कळतो: एकाच आकाराचं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं जस्ताच्या नाण्याच्या सुमारे ३८ टक्के वजनाचं भरतं. अंदाजाला सरकारी नाणी धरा. लोखंडी १० फेनिग २१ मिमी व्यासाचा आणि साधारण ३.६ ग्रॅमचा, लोखंडी ५ फेनिग १८ मिमी आणि २.५ ग्रॅमचा, जस्ताचा १० फेनिग २१ मिमी आणि ३.१ ग्रॅमच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा १ फेनिग १६ मिमी आणि जेमतेम ०.८ ग्रॅमचा. शहरांच्या नाण्यांना असा पक्का नियम लावू नका. ती खासगी पदकं बनवणाऱ्या कारखान्यांनी मिळेल त्या पत्र्यातून कापून पाडली आहेत. पत्रा जाड-पातळ झाला की वजन बदलतं. एकाच छापाच्या दोन नाण्यांत फरक दिसला म्हणून लगेच खोटं ठरवण्याची घाई नको.

तरी शंका उरली तर घनता काढा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, ते तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. समजा कोरडं वजन ३.१० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.४३ आला, तर घनता ७.२, म्हणजे जस्त (७.१). ०.८० ग्रॅमच्या नाण्याला ०.३० आकडा आला तर २.७, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. पितळ ८.५ च्या आसपास येतं.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे बुडबुडे. अक्षरांच्या कोपऱ्यात अडकलेला एक बुडबुडासुद्धा घनता कमी दाखवतो. पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकला की तो सुटतो. दुसरं म्हणजे हलक्या नाण्यात काट्याची चूक मोठी होते: ०.३० ऐवजी ०.३१ वाचलं तर २.७ चं २.६ होतं. म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्या. लोखंडी नाण्याला ही चाचणी करूच नका. चुंबकानं सांगितलंय तेवढं पुरे, उगाच पाण्यात घालून गंजाला आमंत्रण कशाला! जस्ताचं नाणं मोजून झालं की लगेच टिपून कोरडं करा.

मजकूर वाचणं

टॉर्च नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर, फार तर १०-१५ अंशांवर धरा आणि नाणं हळूहळू फिरवत राहा. वरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारी झिजलेली अक्षरं या तिरप्या उजेडात सावलीनं उठून येतात. कागद ठेवून पेन्सिल घासायची पद्धत अ‍ॅल्युमिनियमवर टाळा, धातू फार मऊ आहे.

काही नाण्यांवर साधी रोमन अक्षरं असतात, काहींवर फ्राक्टुर, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन वळणाची. फ्राक्टुरमध्ये शब्दाच्या मधला 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, लहान 'के' आणि 'टी' यांत गल्लत होते, मोठी 'बी' आणि 'व्ही' सारखीच भासतात. गावाचं नाव लागत नसेल तर ही अक्षरं अदलाबदल करून पाहा. निम्मी कोडी तिथेच सुटतात. स्वरांवरचे दोन ठिपके झिजून गेलेले असतात, तेही मनात धरा.

नावाआधी काय लिहिलंय ते महत्त्वाचं. 'श्टाट' म्हणजे शहर, 'गेमाइंड' म्हणजे गावपंचायतीसारखी संस्था, 'क्रायस' म्हणजे जिल्हा. बऱ्याच जिल्ह्यांचं नाव त्यांच्या मुख्य शहराचंच असतं. घाईत दोन्ही एकाच पाकिटात जातात, पण काढणारी संस्था वेगळी, म्हणून नोंदही वेगळी. किमतीच्या बाजूला बहुतेक वेळा 'क्रीग्सगेल्ड' (युद्धाचा पैसा), 'नोटगेल्ड' किंवा 'क्लाइनगेल्डएर्झात्समार्के' (चिल्लरीऐवजी चालणारा बिल्ला) असं काहीतरी असतं. ही किमतीची बाजू अनेक गावांच्या नाण्यांवर हुबेहूब तशीच दिसते. त्यात नवल नाही, ठसे एकाच कारखान्याचे. न्यूर्नबर्गचे लाउअर आणि बाल्मबर्गर, श्टुटगार्टचे मायर उंड विल्हेल्म अशी कारखान्यांची नावं कधी कधी कडेजवळ इतक्या बारीक अक्षरांत असतात की भिंगाशिवाय ती ठिपक्यांची ओळ वाटते.

एका नावाची गावं पुष्कळ. फ्रांकफुर्ट माइन नदीवरचं आणि ओडर नदीवरचं. नॉयश्टाट तर ठिकठिकाणी आहे. म्हणून नावापुढची नदीची किंवा प्रांताची तोकडी खूण शोधा: 'आय. डब्ल्यू.' म्हणजे वेस्टफालियातलं, 'आय. बी.' म्हणजे बाडेनमधलं. ती खूण नसेल तर शहराचं चिन्ह असलेली ढाल पाहा. हामबुर्गची ढाल म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला, ब्रेमेनची किल्ली, म्युन्शेनचा भिक्षू, आखेनचा गरुड. प्रसिद्ध शहरं अशी चटकन ओळखू येतात, लहान गावांसाठी चिन्हांची यादी उघडावीच लागते.

नकाशाही बदललेला आहे, हे विसरून चालत नाही. नाण्यावरचं डान्त्सिग म्हणजे आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क, ब्रोमबेर्ग म्हणजे बिदगोश्च, थोर्न म्हणजे तोरुन, पोझेन म्हणजे पोझनान, श्ट्रासबुर्ग म्हणजे फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग. आजच्या जर्मनीच्या नकाशात नाव सापडलं नाही म्हणून नाणं बनावट ठरवू नका. उलट कोब्लेन्झ 'सी'नं लिहिलेलं दिसलं तर बिथरू नका, तेव्हा तसंच लिहीत.

सालाबद्दल एक गोष्ट. नाण्यावरचं साल म्हणजे तो ठसा केव्हा कोरला याची खूण, नाणं नक्की केव्हा पाडलं याची नव्हे. तोच ठसा पुढेही वापरला जाऊ शकतो. साल नसलेली नाणीही भरपूर. अशा नाण्याची तारीख धातूवरून आणि शब्दांवरून अंदाजे ठरते, आणि तिथे 'सुमारे १९१७' लिहिणं खोटी अचूकता दाखवण्यापेक्षा बरं.

शहराचं नसलेलं ओळखणं

जुन्या जर्मन चिल्लरीच्या पिशवीत गावांची नाणी कमी आणि इतर माल जास्त असतो. 'डॉयचेस राइश' लिहिलेली गरुडाची लोखंडी ५ आणि १० फेनिग ही सरकारी, ती अमाप आहेत. १, २ आणि ३ कोपेकची १९१६ ची लोखंडी नाणी म्हणजे पूर्वेकडच्या व्यापलेल्या प्रदेशासाठी जर्मन लष्करी प्रशासनानं काढलेली 'ओबर ओस्ट' नाणी. 'क्रीग्सगेफांगेनेनलागर' असा लांबलचक शब्द असेल तर तो युद्धकैद्यांच्या छावणीतला पैसा, छावणीबाहेर न चालणारा. 'वेर्टमार्के' लिहून नुसता आकडा असेल आणि फेनिगचा उल्लेख नसेल तर तो बहुधा एखाद्या खानावळीचा किंवा कारखान्याचा टोकन. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल डबीत पारदर्शक झाकणाखाली टपाल तिकीट बसवलेलं दिसलं तर तीही युद्धानंतरची चिल्लरच, पण जाहिरातदार दुकानदारांची. ट्रामची नाणी मधल्या घरातली: न्यूर्नबर्ग-फ्युर्थ ट्रामची २० फेनिगची १९२१ ची अ‍ॅल्युमिनियमची मालिका, एका बाजूला शहरातल्या वास्तू असलेली, सहज मिळते आणि नवख्यांना सुरुवातीला बरी पडते.

याच सुमाराला नाण्यांचा हेतूही बदलत गेला. मोड कमी म्हणून काढलेली १९१७ ची रुक्ष लोखंडी नाणी आणि १९२०-२१ ची चित्रमय नाणी यांत मोठं अंतर आहे. संग्राहक पैसे मोजायला तयार आहेत हे शहरांच्या लक्षात आलं होतं. बॉननं १९२० मध्ये संगीतकार बेटहोवनचा चेहरा असलेली १०, २५ आणि ५० फेनिगची नाणी काढली, बेटहोवनच्या जन्माला तेव्हा १५० वर्षं झाली होती. मायसेनच्या पोर्सलेन कारखान्यात १९२१ मध्ये चक्क पोर्सलेनची आणि तपकिरी ब्योटगर स्टोनवेअरची (कडक भाजलेल्या मातीची) नाणी भाजली गेली, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची कारखान्याची खूण त्यांवर असते. जुलै १९२२ मध्ये कायद्यानं नोटगेल्डवर बंदी आली, पण महागाईच्या लाटेत ती फार टिकली नाही. वेस्टफालिया प्रांतानं १९२३ सालाचं ६० मिमीचं १ बिलियन मार्कचं नाणं काढलं. जर्मन गणतीत बिलियन म्हणजे १ वर १२ शून्यं, आपल्या भाषेत एक लाख कोटी. नव्या रेंटनमार्क या चलनाचा दरही नेमका तेवढाच होता, म्हणजे या अगडबंब नाण्याची दर्शनी किंमत एक रेंटनमार्क.

लोखंडाची निगा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि जवळजवळ सगळं साफसफाईमुळे होतं. लोखंडी नाणी गंजू नयेत म्हणून पाडल्यावर त्यांवर बहुतेक वेळा जस्ताचा थर चढवलेला असतो: नाणी जस्ताच्या भुकटीत घालून साधारण ३००-४०० अंशांना तापवली की पृष्ठभागात जस्त मुरतं आणि मंद राखाडी कातडी तयार होते. ही कातडी शाबूत असेल तर नाण्याला काहीही करू नका. व्हिनेगर, लिंबू, गंज काढायची बाजारी रसायनं आधी हे जस्त खातात, मग गंज. चमकदार लोखंड उघडं पडतं आणि दमट हवेत काही तासांत त्यावर नारिंगी ठिपके येतात. चकचकीत पांढरं लोखंडी नाणं विकायला दिसलं तर ते कुणीतरी धुतलंय हे समजा.

आता गंजाकडे बघायचं ते दोन प्रश्न घेऊन. पाकिटात नारिंगी भुकटी पडते का? पडत असेल तर गंज जिवंत आहे आणि हात घालावा लागेल. गंज काळपट तपकिरी, घट्ट आणि बोटाला न लागणारा असेल तर तो स्थिर आहे, त्याला झाकून ठेवणं पुरे.

जिवंत गंजाचं काम असं करा. खिडकी उघडा, जवळपास ज्योत नको. काचेच्या भांड्यात नाणं बुडेल एवढं अ‍ॅसिटोन घेऊन ५ ते १० मिनिटं ठेवा, मधूनमधून भांडं हलवा. बोटांचं तेल, गोंद निघून जातं. बाहेर काढून हवेत वाळू द्या. मग नाणं लिक्विड पॅराफिनमध्ये झाकण लावून ठेवा. दिवसांची नाही, आठवड्यांची बेगमी करा. तेल गंजाच्या भेगांत शिरून थर सैल करतं आणि तेवढ्यात हवा व ओल दूर ठेवतं. दर आठवड्याला बाहेर काढून भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीनं फक्त उचललेले पापुद्रे सोडवा. काडी मोडली तर बदला, जोर वाढवू नका. सुई किंवा ब्लेड वापरलं की लोखंडावर चमकदार रेघ उमटते आणि ती कायमची. पितळी तारांचा ब्रश घासला तर लोखंडावर पिवळट झाक येते, म्हणून तोही नको.

गंज आकड्याच्या किंवा अक्षराच्या आत शिरला असेल तर थांबायचं कुठे हे ठरवणं अवघड असतं. मजकूर वाचता येऊ लागला की थांबा. त्यापुढे काढाल तो गंज नसतो, नाणं असतं. शेवटी पुन्हा अ‍ॅसिटोन, मग नाणं ५०-६० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा, कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि मऊ कापडानं पुसून घ्या. मेण जाड राहिलं तर अक्षरांच्या कडेला पांढरं साचतं आणि फोटोत गंजासारखं दिसतं.

जस्त, अ‍ॅल्युमिनियम, बाकीचे

जस्ताला आम्लही चालत नाही आणि अल्कलीही. खाण्याच्या सोड्याचा लेप, व्हिनेगर, चांदी उजळवायची द्रावणं, काहीही लावलं तरी पृष्ठभाग कोरला जातो. निळसर राखाडी झाक हीच त्याची संरक्षक साय आहे. सुटी पांढरी भुकटी कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. चिकट मळ असेल तर अ‍ॅसिटोन. अगदी गरज पडली तर डिस्टिल्ड पाण्यात काही सेकंद, लगेच टिपायचं, मग पुन्हा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचं, म्हणजे उरलेलं पाणी निघून जातं. फोडांसारखे पांढरे उंचवटे दिसले तर झीज आतून चालू आहे. ते खरवडलं की खाली खड्डा निघतो. असं नाणं इतरांपासून वेगळं काढा आणि कोरडं ठेवा, एवढंच हातात असतं. जस्त थंडीत ठिसूळ होतं, त्यामुळे वाकलेलं नाणं सरळ करायला जाऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम हवेत स्वतःचा थर बनवतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर सुखी असतं. त्याचा शत्रू नख, नाण्यावर नाणं, आणि धुण्याचा सोडा. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, ब्रश न घासता फक्त फिरवायचा, पुन्हा डिस्टिल्ड पाणी, आणि टिपायचं, पुसायचं नाही. काळपट खड्डे पडले असतील तर ते भरून येत नाहीत, पॉलिश केलं तर उलट नजरेत भरतात. पितळी आणि टॉम्बाकची (तांबं जास्त असलेल्या पितळाची) नाणी फक्त अ‍ॅसिटोननं साफ करा, त्यापलीकडे काही करू नका. पोर्सलेनला साबण-पाणी चालतं, पण सोनेरी रंगकाम असेल तर त्यावर कापडही फिरवू नका, आणि काम टेबलावर टॉवेल अंथरूनच करा.

ठेवायचं कुठे

लोखंडासाठी हवेतला ओलावा ४० टक्क्यांच्या खाली हवा. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला की काम होतं. ५ ते १० लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम जेल पुरतं, पण डबा सारखा उघडला तर तेच जेल लवकर भरतं. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या आणि रंग उडाला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास वाळवा.

नाणी लाकडी ड्रॉवरमध्ये ठेवायची जुनी पद्धत जस्तासाठी घातक आहे. ओक लाकूड आणि हलका पुठ्ठा यांतून असेटिक आम्लाची वाफ निघत राहते आणि जस्तावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर चढतो. मऊ, वासाची पीव्हीसी पाकिटं तर कुठल्याच धातूला नकोत. त्यातलं प्लास्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) सुटून नाण्यावर चिकट थर बसतो आणि पितळावर हिरवा. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा पॉलिएस्टरच्या खिडकीचे पुठ्ठे वापरा, पुठ्ठा आम्लमुक्त असल्याची खात्री करा आणि स्टेपलची टोकं चपटी करा, नाहीतर शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा येतो. लोखंडी, जस्ताची आणि अ‍ॅल्युमिनियमची नाणी वेगवेगळ्या डब्यांत असू द्या. उघड्या हातानं धरलेल्या लोखंडी नाण्यावर काही महिन्यांनी बोटाचा ठसा गंजाच्या रूपात उगवतो, तेव्हा धरायचं ते कडेनंच.

विकत घेताना

स्वस्त नाण्यांची नक्कल कुणी करत नाही. ज्यांना भाव आहे तीच तपासा. भिंगाखाली कडेवर ओतकामाची शिवण, सपाट भागात बारीक बुडबुडे आणि अक्षरांच्या मुळाशी गोलसर, साबणासारखी वळणं दिसली तर नाणं ओतलेलं आहे. ठशानं पाडलेल्या नाण्यात अक्षर सपाट भागाला काटकोनात भिडतं. 'दुर्मीळ पितळी प्रकार' म्हणून दाखवलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर ते मुलामा दिलेलं साधं लोखंड. याच्या उलट बाजूही आहे: त्या काळात संग्राहकांना विकण्यासाठी त्याच ठशांनी तांबं, पितळ अशा धातूंत मुद्दाम नाणी पाडली गेली, ती अस्सल आहेत पण चलनात कधीच नव्हती. विक्रेत्यानं हा फरक सांगितला नाही तर विचारा.

विक्रेते 'एफ' अक्षर आणि आकडा लिहितात तो वाल्टर फंक यांच्या यादीतला क्रमांक. यादीत गावं वर्णानुक्रमे आहेत. बिंदूआधी गावाचा क्रमांक, बिंदूनंतर प्रकाराचा. खासगी दुकानं आणि कारखान्यांची नाणी या यादीत शोधत बसू नका, त्यांच्यासाठी मेन्झेल यांची यादी आहे. प्रकार ठरतो तो बारीक गोष्टींवरून: कडेला मण्यांची माळ की साधी रेघ, गोल की अष्टकोनी, आकड्याची उंची. डान्त्सिगचा १९२० चा जस्ताचा १० फेनिग याचं उत्तम उदाहरण. त्याचे मोठ्या आकड्याचे आणि लहान आकड्याचे असे दोन प्रकार आहेत आणि लहान फोटोत ते एकसारखेच दिसतात. फोटो मागवताना दोन्ही बाजू, कडा आणि शेजारी मोजपट्टी मागा.

नोंद करताना गाव आणि संस्था, किंमत, साल, धातू कसा ठरवला (चुंबक की घनता), वजन, दोन ठिकाणी मोजलेला व्यास, आकार, कडा आणि ठशांची दिशा लिहा. दिशा पाहायची अशी: नाणं वरच्या आणि खालच्या कडेला चिमटीत धरून उभ्या आसाभोवती वळवा. मागची बाजू सरळ आली तर पदकासारखी मांडणी, उलटी आली तर नाण्यासारखी. शहरांच्या नाण्यांत दोन्ही सापडतात आणि दोन्ही मधला तिरपा कोन दिसला तर तोही अंशांत टिपून ठेवा. साफ केलेल्या नाण्यापुढे काय वापरलं आणि कधी तेही लिहा. तीन महिन्यांनी डबा उघडून नारिंगी भुकटी दिसली तर कामाला कुठून लागायचं ते या नोंदीवरूनच कळतं.